चौथ माफ

आमच्या घरात कलकत्ता आलं ते धंतोलीच्या रामकृष्ण मठाच्या ‘जीवन-विकास’ मासिकातून. आई त्याची जुनी वर्गणीदार. दक्षिणेश्वर, बेलूर, बागबाजार ही नावं ती अशा सुरात घ्यायची की जणू ती सगळी सीताबर्डीच्या पलीकडेच आहेत आणि बस चुकली म्हणून जायचं राहिलंय. प्रत्यक्षात नागपूर ते हावडा अकराशे किलोमीटरच्या वर. बाबा गेल्यानंतर आईचं निवृत्तिवेतन, माझा नुकताच सुरू झालेला शाळेतला पगार आणि धाकट्या भावाचं कॉलेज, एवढ्यावर घर चालायचं. त्यात तिचे गुडघे कुरकुरायला लागलेले. “पाय चालून राहिले तोवर बेलूर पाहून घेऊ दे. मग काशीला नाही नेलंस तरी चालेल,” असं ती १९९५च्या दिवाळीत म्हणाली. मी हिशोब मांडायला बसले. तिघांचे मिळून दोन हजार, त्यापेक्षा जास्त नाही. हिशोब काही केल्या बसेना.

तो बसवला मासीमांनी. त्या आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारी. नागपुरात बंगाली कुटुंबं आली ती बरीचशी रेल्वेबरोबर. १८८७ साली स्थापन झालेल्या कंपनीचं नावच मुळी बंगाल-नागपूर रेल्वे होतं. मासीमांचे यजमान तिच्याच पुढच्या अवतारात, दक्षिण-पूर्व रेल्वेत, मोतीबागेला नोकरीला होते. ते वारल्यावर मासीमा परत गेल्या नाहीत. उत्तर कलकत्त्यातलं वडिलांचं घर भावाभावांत वाटलं गेलं होतं आणि त्या वाटण्यांत यांच्या वाट्याला काय आलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या मासीमा. मराठी फाडफाड बोलायच्या, फक्त लिंगांशी त्यांचं कधी जमलं नाही. आईला त्या ‘बौमा’ म्हणत, मला ‘खुकू’.

“दोन हजार खूप आहे,” माझा कागद बघून त्या म्हणाल्या. “तू पैसा मोजते. आधी वार मोज.”

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी रेल्वेची एक जुनी डायरी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली ओळ लिहिली: सोमवार. सोमवारी जादूघर बंद, व्हिक्टोरिया मेमोरियल बंद, जोडासाँकोचं ठाकूरवाडीतलं संग्रहालयही बंद. जादूघर म्हणजे इंडियन म्युझियम. पण सोमवारी देव बंद नसतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी गाडीत बसायचं, रविवारी दुपारी पोचायचं आणि सोमवार दक्षिणेश्वर-बेलूरला द्यायचा. त्यातही मेख होती. दक्षिणेश्वरचं देऊळ दुपारी मिटतं, बेलूरचंही मिटतं आणि चारच्या सुमाराला उघडतं. मग सकाळी सियालदाहहून डानकुनीची लोकल धरून दक्षिणेश्वर, दुपार तिथेच घाटावर आणि उन्हं कलल्यावर नावेने बेलूर. सांजआरती मिळते आणि नावेत बसणं हीच सहल होते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरा नियम: एका दिवसात शहर दोनदा ओलांडायचं नाही. उत्तरेला गेलात तर संध्याकाळपर्यंत उत्तरेलाच राहा. तिसरा: परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर. जायला उशीर झाला तर माणूस घरीच असतो, यायला झाला तर परगावी खर्च होतो. चौथा नियम त्यांनी लिहिला नाही, पण दर दिवशी दोनच गोष्टींखाली रेघ मारली होती. बाकी सगळं ‘जमलं तर’.

गाडी गीतांजलीच, हेही त्यांनीच ठरवलं. १९७७च्या डिसेंबरात ही गाडी सुरू झाली तेव्हा मधू दंडवते रेल्वेमंत्री होते आणि सबंध गाडी एकाच वर्गाची होती. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात. “तुमच्या राजापूरच्या खासदाराने गरिबाच्या पाठीचा विचार केला,” मासीमा म्हणायच्या. आमच्या वेळेपर्यंत गाडीत इतर वर्गही आले होते, पण मासीमांच्या लेखी ती दंडवत्यांचीच गाडी होती.

राहण्यासाठी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाला पत्र टाकायला लावलं, सोबत जोडकार्ड. “उत्तराचं कार्ड तू पाठवलंस की समोरचा माणूस लाजेने तरी लिहितो.” उत्तर आलं, खोली मिळाली.

आता मासीमांनी त्या डायरीत आखलेल्या तक्त्याविषयी. त्यात वेळ, ठिकाण, कशाने, किती पैसे आणि किती चालणं असे रकाने होते. चालण्याचा रकाना आईच्या गुडघ्यांसाठी. त्यांच्या शेजारी आणखी एक अरुंद रकाना होता, त्याला मथळाच नव्हता. काही ओळींसमोर त्यात पेन्सिलीने छोटासा गोल काढलेला. भावाने विचारलं, हे काय आहे? मासीमांनी त्याला कोपऱ्यावरून पोस्टकार्डं आणायला पिटाळलं आणि तो गेल्यावर आईला म्हणाल्या, “जिथे गोल आहे तिथे बाथरूम बरा आहे. बौमा, पाणी पीत जा.”

आई प्रवासात पाणी प्यायची नाही. तिच्या पिढीतल्या कित्येक बायका प्यायच्या नाहीत. एसटीने उमरेडला जायचं तरी सकाळपासून घोटभर चहावर राहायची आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. आम्ही त्याला ‘प्रवास बाधतो’ म्हणायचो. स्वस्तात कसं फिरावं याचे सल्ले मी नंतर पुष्कळ वाचले, ऐकले. हॉटेल कुठलं, थाळी कितीची, पास कुठे मिळतो, सगळं असतं. हे कुणी सांगत नाही. खिशात पैसे असलेली बाई एखाद्या चांगल्या उपाहारगृहात शिरते, चहा मागवते आणि तिचं काम होतं. मोजक्या पैशांत फिरणारीला शहर कुठे कुठे आत घेतं हे आधीच माहीत असावं लागतं. मासीमांनी कित्येक वर्षांपूर्वी सोडलेल्या शहराचा तो नकाशा आठवून काढला होता. जिथे खात्री नव्हती तिथल्या गोलापुढे प्रश्नचिन्ह होतं.

हावड्याला उतरलो तेव्हा आम्हाला सूचना होती की मोठ्या घड्याळाखाली जाऊन उभं राहायचं, सामान मोजायचं आणि मगच बाहेर पडायचं. चुकामूक झाली तरी परत तिथेच. बाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा. आम्ही तक्त्याप्रमाणे सरळ घाटाकडे गेलो आणि बाबूघाटाची लाँच धरली. नदीवरून हावडा पूल पाहिला. मधल्या पात्रात एकही खांब नसलेला, नटबोल्ट न वापरता रिव्हेट ठोकून उभा केलेला, १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला तो लोखंडी प्रचंड सांगाडा. भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. तिकीट इतकं किरकोळ की आईला वाटलं कंडक्टरने एकाचंच घेतलं.

ट्रामच्या ओळीत लिहिलं होतं: ‘मागचा डबा.’ तेव्हा ट्रामला दोन डबे असत. पुढचा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे, मागचा दुसऱ्या वर्गाचा, बिनपंख्याचा, तिकीट थोडं कमी. पुढे कंसात मासीमांचा शेरा: ‘जानेवारीत पंखा कशाला?’ आम्ही मागच्याच डब्यातून फिरलो. मंगळवारी जादूघर पाहिलं. १८१४ सालचं ते संग्रहालय, भरहूतच्या स्तूपाचा तांबूस दगडी कठडा, त्यावर कोरलेले हत्ती, झाडं, माणसं. आई त्या कठड्यापुढे बराच वेळ रेंगाळली आणि मग ‘गोल’ शोधून आली आणि बाटलीतलं पाणी गटागटा प्यायली. व्हिक्टोरियाबद्दल मी फार लिहीत नाही. संगमरवर पुष्कळ आहे, बाग छान आहे, राणी आमची कुणी लागत नाही. भुयारी रेल्वे मात्र चुकवण्यासारखी नव्हती. देशातली ती पहिली, १९८४ साली सुरू झालेली, आणि दमदमपासून टॉलीगंजपर्यंतचा सलग मार्ग आम्ही जाण्याच्या जेमतेम काही महिने आधी पूर्ण झालेला. आईने सरकत्या जिन्याला दुरूनच नमस्कार केला आणि साध्या पायऱ्या धरल्या.

जेवणासाठी पाइस हॉटेलं. ही कलकत्त्याची खरी खानावळ. भात, डाळ, भाजी, मासा, प्रत्येक वाटीचा हिशोब वेगळा, अगदी केळीच्या पानाचाही. ‘पानाचे पैसे मागतील, भांडू नका’ असं तक्त्यात लिहिलेलंच होतं. आई शाकाहारी, तिला आजूबाजूच्या माशांचा वास सोसेना. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि आलूपोस्तो मागून घेऊन जेवली. खसखस आणि बटाटा एवढाच ऐवज, वर कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. घरी आल्यावर तिने तो करून पाहिला. नागपूरच्या खसखशीच्या भावात तो आम्हाला परवडणारा नव्हता.

उत्तरेचा दिवस शेवटी ठेवला होता. कॉलेज स्ट्रीटवरची जुन्या पुस्तकांची दुकानं, मग अल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाऊस. तिथे काय मागायचं हेही ठरलेलं: ‘इनफ्यूजन’, म्हणजे बिनदुधाची कॉफी, स्वस्त आणि मस्त. तुरेवाला फेटा बांधलेल्या वाढप्याने ती टेबलावर ठेवली आणि नंतर कितीही वेळ बसा, कुणी उठ म्हणेना. दुपारनंतर बागबाजार, तिथे ‘मायेर बाडी’, शारदादेवींचं अखेरपर्यंतचं घर. आई तिथे काय करत होती ते मी पाहिलं नाही, बाहेरच थांबले.

आणि तिथून जवळच तक्त्यातलं शेवटचं ठिकाण: मराठा डिच लेन. का ते लिहिलं नव्हतं, पैशांच्या रकान्यात फक्त दोन शब्द: ‘चौथ माफ.’

ही मासीमांची आमच्याशी चाललेली जुनी मस्करी. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालमध्ये उतरली. त्या घोडेस्वारांना बंगाली लोक ‘बर्गी’ म्हणत. गावंच्या गावं उजाड झाली. आजही तिथल्या आया मुलांना झोपवताना बर्गी आल्याचं अंगाईगीत गातात. कलकत्तेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो मराठा डिच. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून बराचसा सर्क्युलर रोड झाला. बंगालची चौथाई मात्र १७५१च्या तहाने नागपूरला मिळाली, वर्षाला बारा लाख. आमच्याकडे शाळेत हे पराक्रमाच्या धड्यात होतं. मासीमांनी ते दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं, आजीच्या मांडीवर. गल्लीत भावाने मोठ्या आवाजात काही खोडी काढली की त्या खिडकीतून ओरडायच्या, “बौमा, तुझा बर्गी आला!”

ती गल्ली म्हणजे एक साधी, अरुंद, कपडे वाळत घातलेली वस्ती. खंदकाची खूण कुठेच नाही. पाटीवर नाव तेवढं. पाटीखाली एक म्हातारा मातीच्या भाँडमधून चहा पीत होता. त्याने कुठून आलात विचारलं. भावाने हिंदीत सांगितलं, नागपूर. म्हातारा हसला, पुढे काही बोलला नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. आईने मात्र पदर सावरला आणि त्याला नमस्कार केला.

मासीमांनी आमच्याकडून एकच गोष्ट मागवली होती: खजुराच्या रसाचा नवा गूळ, पाटाली, ती फक्त हिवाळ्यात मिळते. तिचे पैसे त्यांनी निघण्यापूर्वीच मोजून दिले होते. आईने घ्यायला नकार दिला तर म्हणाल्या, “मग नको आणू.” परतल्यावर मी गूळ आणि तक्ता दोन्ही घेऊन गेले. रिकाम्या रकान्यांत आम्ही खरा खर्च लिहिला होता. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. पैसे उरले होते. पण त्यांची नजर शेवटच्या अरुंद रकान्यावर अडली. “हा प्रश्नचिन्हवाला, तो बरा होता की नाही?” बरा होता, म्हटलं. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं.

मी विचारलं होतं, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. त्या म्हणाल्या, “मी आले तर तुम्ही माझा कलकत्ता बघाल. तुमचा बघा.” पुढे दोन-तीन वर्षांनी मुलीकडे जमशेदपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. मी त्यांना साडी द्यायला हवी होती, निदान एखादं पुस्तक. दिलं असतं तरी त्यांनी तेवढ्याच किमतीचं काहीतरी परत केलं असतं. चौथ माफ करणाऱ्या माणसाला पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे?

आमच्या शाळेतल्या एका बाईंना आता सासूला घेऊन बेलूरला जायचंय. मासीमांचा तक्ता मी त्यांच्यासाठी नव्याने लिहिलाय. बराच बदलावा लागला. दक्षिणेश्वरपर्यंत २०२१ पासून मेट्रो जाते. मार्च २०२४ पासून हावड्याहून एस्प्लनेडला नदीच्या खालून जाता येतं, त्यामुळे बाईंना लाँचची ओळ वेळखाऊ वाटली. मी ती खोडू दिली नाही. ट्राम मात्र खोडली. बहुतेक मार्ग बंद झालेत आणि २०२४च्या सप्टेंबरात सरकारने एक छोटा वारसामार्ग तेवढा ठेवून बाकी गुंडाळायचं जाहीर केलं. अरुंद रकान्यातले सगळे गोल मी पुन्हा प्रश्नचिन्हांसह काढलेत, इतक्या वर्षांनी खात्री कशी द्यायची? बाईंकडून एवढंच कबूल करून घेतलंय की आल्यावर ती प्रश्नचिन्हं एकेक करून खोडून तक्ता परत द्यायचा, कारण पुढचं नाव आधीच लागलंय: आमच्या शिपाईमामांच्या बायकोला गंगासागर करायचाय आणि वाटेत कलकत्ता लागतं.