माळवदावरून स्लॅबवर आलेले पंजे

मांजर आपले पंजे आपण चाटून साफ ठेवते, त्यात माणसाने काय बघायचे, असे धाराशिवकडे सहज बोलले जाते. ते खोटे नाही. पण ही समजूत ज्या जमिनीवर तयार झाली, ती जमीनच आता घरात राहिलेली नाही. माळवदाच्या घरातले मांजर डोळ्यांसमोर आणा. पायाखाली शेणाने सारवलेली भुई, अंग टाकायला मातीचा ओटा, नखे घासायला लाकडी खांब. खांबावर ओरखडे काढताना नखाची जुनी खोळ गळून पडे आणि खालचे धारदार नख मोकळे होई. पंजा चाटला तर तोंडात जाई ती फार तर माती. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर लोकांचा त्या घरांवरचा विश्वास उडाला, आणि तो उडणे रास्तच होते. जिल्ह्यात सिमेंटच्या भिंती, स्लॅब, पत्रे आणि फरशी आली. माणसासाठी हा बदल जीव वाचवणारा होता. मांजराच्या पायाखालची जमीनही त्याच बदलात गेली, आणि ती आपण बदलली म्हणून त्या पायांकडे बघणे हे आपले काम झाले.

फरशी आली तसे ती पुसायचे फिनेलही आले. इथे मांजराचा स्वच्छपणाच त्याच्यावर उलटतो. ओल्या फरशीवरून ते चालत जाते, पंजाच्या गादीला लागलेले औषध कोपऱ्यात बसून मन लावून चाटते, आणि बाहेरून लागलेले विष पोटात पोचते. कुत्र्याचे किंवा माणसाचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये बऱ्यापैकी निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फार दुबळी आहे. त्याचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या मांसावरच जगले. झाडपाल्यातली असली द्रव्ये पचवायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो, त्यामागेही हीच उणीव आहे. म्हणून लंगडणाऱ्या मांजराला घरातली तापाची गोळी देणे किंवा जखमेवर रॉकेल, फिनेल ओतणे हा उपचार नव्हे. ‘एवढी वर्षे फिनेलने पुसतोय, काही झाले नाही,’ असे कोणी म्हणेल. थोडे थोडे विष पोटात गेल्यावर लाळ गळणे, खाणे सोडणे, सुस्त पडणे एवढेच दिसते, आणि त्याचा संबंध फरशीशी कोणी जोडत नाही. त्यापेक्षा साध्या पाण्याने पुसावे. फिनेल वापरायचेच असेल तर पाण्याने पुन्हा पुसून फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे.

मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. घाबरलेले मांजर फरशीवर ओले ठसे सोडते ते यामुळेच. इतकी जिवंत कातडी मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर पडते. खरिपात त्याच पंजाने उंदरामागे रानात जावे लागते. काळी माती बोटांच्या बेचक्यात चिकटते, वाळून खड्यासारखी घट्ट होते आणि पावलागणिक रुतते. सोयाबीन कापल्यावर उरलेली धसकटे गादी फाडतात. कुसळ तर एकाच दिशेने आत सरकते. वरून टिचभर सूज दिसते आणि आत पू धरतो. चाटून मांजर हे कुसळ काढू शकत नाही. उलट एकच बोट सारखे चाटताना दिसले, तर आत काहीतरी आहे अशी ती खूण समजावी.

दुष्काळात जनावराला चारा मिळत नाही तिथे मांजराचे पंजे कोण बघणार, हा आक्षेप मला खोडावासा वाटत नाही, कारण त्यामागचे हाल खरे आहेत. पण ज्या घरात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लागते, त्या घराला जनावराचे दुखरे अंग ओळखायला शिकवावे लागत नाही. धान्याच्या कणगीभोवती रात्रभर जागणाऱ्या मांजराला लागते ते वाटीभर कोमट पाणी, सुती फडके आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटे. बोटे हलकेच दाबून बेचके बघावे. पू किंवा खोल जखम दिसली, तर गुरांच्या दवाखान्यात न्यावे. बघताना हाताला ओरखडा आलाच तर तो साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावा.

नखे कापावीत का, हा प्रश्न वेगळा आहे. कुत्रे मागे लागल्यावर झाडावर चढणाऱ्या तरण्या मांजराची नखे कापू नयेत. तो त्याचा जीव आहे. नख बोटाच्या शेवटच्या हाडासकट उपटून टाकणे तर अवयव तोडणेच. खांब गेले असतील तर दाराशी बाभळीचा ओंडका उभा करावा, त्याला पोते गुंडाळावे. नखे तिथे झिजतात. म्हातारपणी मात्र मांजर ओरखडणे कमी करते. जुन्या खोळी गळत नाहीत, नखे जाड आणि बाकदार होतात. मांजराला सहसा अठरा नखे असतात. त्यांपैकी पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजतही नाही. ते गोल वळून थेट गादीत शिरते, आणि केसांखाली असल्याने वास येईपर्यंत कोणाला कळत नाही. म्हातारे मांजर उन्हाला पडलेले असताना तोच अंगठा आधी चाचपावा. आतला गुलाबी भाग सोडून पारदर्शक टोक तेवढे कापावे.