बेशाचा पिंगळा व मेळघाटचा रानपिंगळा

नागपूरच्या दक्षिणेस असलेलें बेसा आतां शहरांतच मिसळलें आहे. तरी तिन्हीसांजा तेथील जुन्या वृक्षांच्या ढोलींतून पिंगळा डोकावतो. येथून पश्चिमेस मेळघाटास गेल्यास सागवनांत त्याचा आप्त रानपिंगळा आढळतो. १८८४ नंतर हा शिकारी पक्षी नष्ट झाला असें वाटत होतें. १९९७ मध्यें तो शहाद्याजवळ पुनः सांपडला. पूर्वीं कित्येक पंडित त्यास स्वतंत्र जातकुळींत घालीत. २०१८ मध्यें आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें तो पिंगळ्याच्याच जातकुळींतील ठरला. परंतु गोत्र एक असलें तरी राहणी भिन्न. हा विरळ सागवनांत राहून दिवसाउजेडींही सरडे टिपतो. गोत्र रक्तावरून कळतें, निर्वाह रानावरून. म्हणून वाचकहो, गांवांत पिंगळे पुष्कळ आहेत एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. रान तुटल्यास ह्या आप्तास बेशाची ढोली आश्रय देणार नाहीं.