आजीच्या धापेमागचा धूर

कागल

चि. सायलीस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘आजीनं जन्मात विडी ओढली नाही, मग तिला सीओपीडी कसा?’ डॉक्टरांनीही आधी तंबाखूचंच विचारलं आणि मग म्हणाले, ‘स्वयंपाक कशावर केलात?’

आपल्या जुन्या स्वयंपाकघराला एकच झरोका. जळण म्हणजे शेणी, उसाची चिपाडं, तुरकाट्या. पावसाळ्यात शेणी सादळायच्या, जाळ धरायचा नाही. आई, म्हणजे तुझी आजी, वाकून फुंकणीनं फुंकायची आणि सगळा धूर तिच्या तोंडावर यायचा. वैलावर आमटी, तव्यावर घरादाराच्या भाकऱ्या, कडेला एखादं पोर. असं रोज दोन्ही वेळेला, लग्न होऊन आल्यापासून.

जळण नीट पेटत नाही तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि डोळ्यांना न दिसणारे कण निघतात. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. श्वासनलिका सुजतात, वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की अरुंद होतात. हाच सीओपीडी. औषधानं धाप कमी होते, पण गेलेली ताकद परत येत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की, जगभरात या आजाराचं सर्वांत मोठं कारण कदाचित चुलीचा धूरच असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरानं ३२ लाख माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी गॅसच्या शेगड्या पोचल्या. पण सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात आणि शेणी घरच्याच. म्हणून चहा गॅसवर होतो, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. आपल्याकडेही अजून तेच चालू आहे. आजी इनहेलर घेते आणि पलीकडे तुझी काकू चूल फुंकते.

तू हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवते म्हणालीस. ते नको. गोठ्यात चार जनावरं आहेत, त्या पैशांत गोबरगॅस बांधू. त्याची मळी शेताला होईल. काकू तुझं ऐकते, तिला तू समजावून सांग. आजीचं जे झालं ते भरून येणार नाही, पण काकूची फुफ्फुसं अजून वाचवता येतील. या दिवाळीच्या आत चूल बंद झालीच पाहिजे.

तुझी,
आत्या