समाधान झाले की मानले?

मराठीत समाधान ‘होते’ आणि समाधान ‘मानले’ही जाते, पहिल्या प्रयोगात तृप्ती आपसूक घडते, तर दुसऱ्यात मन वळवून, पदरी पडले त्यावर भागवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. महासाथीत ऑनलाइन शिकलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना ‘आपण कितपत समाधानी आहात?’ असे विचारणाऱ्या प्रश्नावल्यांत हा भेद नोंदवायला जागा दिसत नाही. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत, म्हणजे ‘पूर्णतः असहमत’पासून ‘पूर्णतः सहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्यांत, झालेले समाधान आणि मानलेले समाधान एकाच चौकटीवर खूण करून मोकळे होतात.

मानलेल्या समाधानासाठी भाषेने ‘दुधाची तहान ताकावर भागवणे’ हा प्रयोग राखून ठेवला आहे. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद होऊन त्यांच्या जागी मोबाइलचा पडदा आला, तेव्हा तो ओठांवर यावा हे साहजिकच होते. परंतु जरा निरखून पाहिले की तो डळमळू लागतो. दुधाने भागते ती भूक, आणि वैशाखाच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती कोणी दुधाचा पेला देत नाही, ताकच देतात. शिवाय ताक म्हणजे पातळ केलेले दूध नव्हे. विरजण लागून, घुसळण होऊन, लोणी निघाल्यावर उरलेला तो निराळाच पदार्थ आहे. ऑनलाइन तासाला ताक म्हणायचे, तर त्यातून निघून गेलेले लोणी कोणते, व्याख्यान की व्याख्यानानंतरचा कट्टा, याचे उत्तर म्हणीत सापडत नाही.

त्या तासाच्या अधिक जवळचे पेय महाभारताच्या आदिपर्वात आहे. धनिकांची मुले दूध पिताना पाहून द्रोणपुत्र अश्वत्थामा रडू लागतो, त्याला पीठ कालवलेले पाणी दिले जाते आणि ‘दूध प्यालो’ म्हणून तो आनंदाने नाचतो. समाधान हे मिळालेल्या वस्तूपेक्षा अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतरावर ठरते, अशी ग्राहकवर्तनाच्या अभ्यासातली एक उपपत्ती आहे. त्या हिशेबाने दुधाची चवच ठाऊक नसलेल्या अश्वत्थाम्याने पाचव्या पायरीवर खूण केली असती, आणि २०२० मध्ये प्रवेश घेऊन महाविद्यालयाची इमारतही न पाहिलेल्या विद्यार्थ्याची खूण कशी वाचावी, हा प्रश्न तसाच उरतो. कथेत असमाधानी आहे तो पिता, आणि तोही पेशाने शिक्षक.

ते पाणी कालवले कोणी, यावरही कथेचा अर्थ पालटतो. लोकांत रूढ असलेल्या कथेत ती आई आहे. आदिपर्वात मात्र इतर मुलेच त्याला ते देऊन फसवतात, आणि त्याच्या नाचण्याला हसतात. पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल टेकवून खालच्या कागदावर समीकरणे सोडवून दाखवणारे प्राध्यापक त्या आईच्या जवळचे म्हणावे लागतील. घरबसल्या बहुपर्यायी परीक्षा देऊन पदवीधर झालेल्यांना ‘कोविड बॅच’ म्हणून हिणवणारे त्या मुलांच्या जवळचे ठरतात. हसणे ऐकल्यानंतर कालच्या तृप्तीचे काय होते, ती मागे जाऊन पुसली जाते की आपल्या क्षणापुरती खरीच राहते, हे कथा सांगत नाही. प्रश्नावली तर एकदाच भरली जाते.

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडू लागली आणि पाठोपाठ एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन तो पुढे कित्येक महिने चालला. दूध तालुक्याच्या गावी होते आणि तिथवर नेणारी गाडी आगारात उभी होती. अशा वेळी रात्री घरची कामे आटोपून ध्वनिमुद्रित व्याख्यान मागे-पुढे करत ऐकलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला पडद्याची आठवण आली असेल, तर ती तहान दुधाची म्हणावी की ताकाची? तिने ‘समाधानी’समोर खूण केली असेल, तर ते समाधान झालेले होते की मानलेले, हे तिला स्वतःला तरी वेगळे करून सांगता आले असते का, अशी शंका येते, आणि ही शंका खरी असेल, तर आरंभी इतक्या निश्चितपणे केलेला दोन क्रियापदांचा भेदही फार काळ टिकेल असे दिसत नाही.