बाबांच्या खोलीची खिडकी

वारा बाधेल या धास्तीने दम्याने थकलेल्या वडिलांची खिडकी मी वर्षानुवर्षे बंद ठेवली, हे आपल्यापाशी कबूल करतो. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटामागची भिंत बुरशीने काळवंडली, तेव्हा कोठे माझे डोळे उघडले. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात राहत्या खोलीला क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश खिडक्या हव्यात. १२० चौरस फुटांना २०. आमची खिडकी तेवढी होतीही! परंतु सरकत्या काचांमुळे ती निम्मीच उघडे, आणि त्या निम्म्यापुढे कपाट मीच उभे केलेले. कपाट हलविले, बिजागरीची झडपे बसविली. आपल्या घरची खिडकी प्रत्यक्षात किती उघडते, तेही टेप लावून एकदा पाहावे. बाबांचा खोकला गेलेला नाही. मात्र पहाटे खिडकी आता तेच उघडतात.