तीन गिटारी आणि एक वाद

१७ मार्च २००७ रोजी बेंगळूरच्या पॅलेस ग्राऊंडवर आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला. बेळगावहून आम्ही दोघे रात्रीच्या बसने गेलो. तिसरा मित्र, वडील अंथरुणाला खिळलेले म्हणून घरीच राहिला. आल्यावर त्याच्याकडेच बसलो. स्टीव्ह हॅरिसची बोटं बासवर कशी घोड्यासारखी दौडतात (माझ्या मते तसा बास दुसऱ्या कुणाचा नाही), तीन गिटारी एकदम कशा उठतात, सगळं सांगितलं.

"तीन कशाला? मेटालिकाला दोन पुरतात," तो म्हणाला. वाद पेटला. आतून काका ओरडले, "अरे, भांडताय काय नुसते, कॅसेट तरी लावा!"

३० ऑक्टोबर २०११ ला त्याच मैदानावर मेटालिका आले. तो एकटाच गेला. काका तेव्हा नव्हते. तिथून त्याने फोन लावला. नुसता कल्लोळ ऐकू येत होता, तरी आम्ही फोन ठेवला नाही.