स्टार गेला, स्टार आला!

ऑफिसातल्या रॅकमध्ये हिरवे दिवे लुकलुकवत बसलेल्या स्विचला तुम्ही कधी वेळ विचारली आहे? विचाराच! मी विचारली आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. कन्सोल केबल जोडली, 'शो क्लॉक' टाइप करून एंटर मारलं, तर सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच मला सांगतोय: सोमवार, १ मार्च १९९३! या स्विचमध्ये घड्याळासाठी बॅटरीच नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि वीज आली की पुन्हा त्याच सोमवारपासून मोजणी सुरू. पण मी खरी अडकले ती वेळेच्या आधी उमटलेल्या बारक्याशा स्टारवर. त्याचा अर्थ, ही वेळ खात्रीची नाही. म्हणजे चुकीची वेळ सांगतानाच 'माझ्यावर विसंबू नका' हेही सांगून स्विच मोकळा!

म्हणाल, स्विचला वेळ हवीय कशाला? पॅकेटं तर धावतातच की. धावतात. पण पोर्ट कधी पडला, लॉगिन कुणी केलं, सेटिंग कुणी बदललं, याच्या नोंदी स्विच लॉगमध्ये ठेवतो. सर्व्हर म्हणतो रात्रीचे दोन आणि स्विच म्हणतो १ मार्च, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे लावायचं कसं? म्हणून तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस सांभाळायला सांगताना घड्याळंही जुळवायला सांगितली: एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी (एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत), नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती हीच प्रयोगशाळा, अणुघड्याळांच्या जोरावर.

आणि त्यासाठी स्विचवर कॉन्फिगरेशन किती? मोजून तीन ओळी! 'एनटीपी सर्व्हर' आणि पुढे पत्ता. मग 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०', कारण तारेतून नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच येते. आपले साडेपाच तास स्विच फक्त दाखवताना मिळवतो. तिसरी ओळ लॉगच्या प्रत्येक नोंदीवर स्थानिक वेळ मिलिसेकंदांसकट छापायला सांगणारी. फायरवॉलवर यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट मोकळा असला की झालं.

खरी गंमत यानंतर! 'शो एनटीपी असोसिएशन्स' टाइप करा आणि 'रीच' नावाच्या रकान्यावर नजर ठेवा. आधी १. मिनिटभराने ३. मग ७, १७, ३७, ७७, १७७ आणि शेवटी ३७७! हे आकडे असे का उड्या मारतात? कारण शेवटच्या आठ विचारण्यांचा तो हिशेब आहे: उत्तर आलं तर एक, नाही आलं तर शून्य, आणि ते आठ अंक अष्टमान पद्धतीत लिहिलेले. आठही उत्तरं आली की ३७७. एखादं हुकलं की ३७६, मग ३७५, ३७३, ३६७... ते एकच शून्य डावीकडे सरकत सरकत बाहेर पडताना चक्क दिसतं!

आणि मग सर्व्हरच्या पत्त्यापुढे स्टार उमटला. इथे स्टारचा अर्थ बरोबर उलटा: याच सर्व्हरवर मी माझं घड्याळ लावतोय. धावत 'शो क्लॉक' केलं, तर तिथला स्टार गायब! इकडे आला, तिकडून गेला. दोन्ही बातम्या चांगल्याच.

पण उत्तर दिल्लीहून येईपर्यंत वेळ पुढे गेलेली असणार, त्याचं काय? यावरची युक्ती वाचून मी टाळी वाजवली. समजा, स्विचने आपल्या दहाच्या ठोक्याला प्रश्न पाठवला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाने दहा वाजून ५.०३० सेकंदांनी मिळाला, उत्तर सुटलं ५.०३१ ला आणि स्विचपाशी पोचलं स्विचच्या ०.०६१ ला. जाताना फरक ५.०३० दिसतो, येताना ४.९७०. दोन्हींची सरासरी ५. म्हणजे स्विच बरोबर पाच सेकंद मागे! वाटेत गेलेले ६० मिलिसेकंद आपोआप वजा झाले. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो एवढं गृहीत धरायचं, बाकी सगळी चौथीतली बेरीज-वजाबाकी. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी मांडलं आणि जगभरातली यंत्रं आजही या चार वेळांवरच आपली घड्याळं मिळवतात.

शिवाय अनेक सर्व्हर दिले, तर एनटीपी एकट्यादुकट्याचं ऐकत नाही. लग्नात मुहूर्त गाठायचा असला की चार जणांच्या मनगटांवर नजर टाकून जुळणारी वेळ धरतात ना, तसंच. चार सर्व्हर दिले आणि एकाचीच वेळ भलती निघाली, तर त्याच्यापुढे 'एक्स' येतो आणि तो बाद! प्रत्येकाची पायरीही ठरलेली. अणुघड्याळ शून्यावर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर एकवर, त्याला विचारणारा आमचा मुख्य स्विच दोनवर, मुख्य स्विचला विचारणारे मजल्यांवरचे स्विच तीनवर. सोळा म्हणजे अजून जुळलेलंच नाही.

आणि आता मला एनटीपीचं आणखी काटेकोर भावंड, पीटीपी, सापडलंय! एनटीपीचा हिशेब मिलिसेकंदांत चालतो, तर पीटीपी मायक्रोसेकंदाच्याही खाली उतरतं. विजेच्या सबस्टेशनांत ते वापरतात. त्यात पॅकेट स्विचच्या पोटात किती वेळ रेंगाळलं, हे स्विच स्वतःच मोजून पुढे कळवतो. कालपर्यंत १९९३ सांगणारी ही जात आपल्या पोटातल्या उशिराचा असा चोख हिशेब देते! त्यासाठी लागणारा स्विच आमच्याकडे नाही आणि तो स्वस्तही नाही. मागणीचा अर्ज मात्र मी लिहायला घेतलाय.